‘वाजवी’ म्हणजे नेमकं किती?

भाड्याच्या घराची मुदत संपली, चाव्या परत दिल्या आणि डिपॉझिटमधून रंगरंगोटीचे पैसे कापले गेले, की मालक आणि भाडेकरू करार उघडून बसतात. करारात बहुधा लिहिलेलं असतं की ‘वाजवी झीज सोडून’ जागा घेतली तशी परत द्यायची. मालक म्हणतो, भिंतीला पडलेली खिळ्यांची भोकं आणि ओट्यामागचा तेलकट थर ही झीज नव्हे, हे नुकसान. भाडेकरू म्हणतो, माणसं राहिली की भिंत काळवंडणारच, तुमचं घर काय काचेच्या कपाटात ठेवायचं होतं का? दोघंही एकाच वाक्यावर बोट ठेवून बोलत असतात आणि दोघांनाही ते वाक्य आपल्या बाजूचं वाटतं.

हे शब्द कुणा एजंटाच्या डोक्यातून आलेले नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ भाडेकरूची कर्तव्यं सांगतं आणि त्यातल्या एकाच पोटकलमात हे विशेषण दोनदा येतं. भाडेकरूने वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती वगळता जागा होती तशी ठेवायची. आणि मालकाला ‘वाजवी वेळी’ आत येऊन जागा पाहू द्यायची. (आपल्याकडचा लिव्ह अँड लायसन्स करार काटेकोरपणे पाहिलं तर भाडेपट्टा ठरत नाही, म्हणून हे कलम त्याला थेट लागू पडत नाही, पण भाषा मात्र तिथूनच करारात उतरलेली असते.) वाजवी वेळ म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, असं कलमात कुठेही नाही. तरीही रात्री अकराला बेल वाजवणारा मालक वाजवी वेळी आलेला नाही, हे कळायला वकील लागत नाही.

कायद्यात हा शब्द जागोजागी आहे. वाजवी मुदत, वाजवी कारण, वाजवी काळजी, वाजवी भरपाई, वाजवी संशय, वाजवी निर्बंध. वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याने आळस केला. आकडा टाकायचा सोडून विशेषण टाकलं. पण आकडा टाकायचा असतो तेव्हा कायदा बरोबर टाकतो. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची आणि नोटीस मिळाल्यापासून समोरच्याने १५ दिवसांत पैसे द्यायचे. सोळावा दिवस उजाडला की गुन्हा. याच कायद्यात, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्ये, कलम १०५ मात्र वेगळ्या सुरात बोलतं. हुंडी, चेक यांसारखा कागद वाजवी वेळेत सादर केला का हे ठरवताना तो कागद कोणत्या प्रकारचा आहे, अशा कागदांचा व्यवहार एरवी कसा चालतो ते पाहा, आणि वेळ मोजताना सार्वजनिक सुट्ट्या धरू नका, असं ते सांगतं. दोन्ही भाषा एकाच कायद्यात नांदतात. जिथे सगळ्यांची परिस्थिती सारखी तिथे आकडा. जिथे प्रत्येकाची वेगळी, तिथे ‘वाजवी’.

पाककृतीत तेल दोन चमचे, हळद पाव चमचा लिहितात आणि मिठापुढे मात्र ‘चवीनुसार’. तसंच हे आहे, एवढाच फरक की इथे चव रांधणाऱ्याची धरत नाहीत, पंगतीची धरतात. हा फरक समजला की निम्मा विषय समजला, आणि तो एका गवताच्या गंजीवरून ठरला.

इंग्लंडमध्ये १८३७ साली व्हॉन विरुद्ध मेनलव्ह नावाचा खटला झाला. मेनलव्हने आपल्या जमिनीच्या कडेला, शेजाऱ्याच्या घरांजवळ, गवताची गंजी रचली होती. ओलसर गवत आतल्या आत तापतं आणि पेटतं, हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं. लोक पाच आठवडे त्याला सांगत होते की ही गंजी पेटेल, मोडून टाक. ‘बघू काय होतं ते’ अशा थाटात त्याने ती तशीच ठेवली. फार तर मधून हवा जायला भोक पाडलं. गंजी पेटली आणि शेजाऱ्याची घरं जळाली. त्याच्या वकिलाने सांगितलं की आपल्या पक्षकाराने स्वतःच्या अकलेनुसार प्रामाणिकपणे वागणूक ठेवली. देवाने बुद्धी थोडी दिली हा काही त्याचा दोष नव्हे. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी हे मानलं नाही. प्रत्येकाची अक्कल हीच मोजपट्टी धरली तर ती माणसामाणसाच्या पावलाइतकी लहानमोठी होईल, असं त्यांनी म्हटलं. सामान्य विवेकी माणूस त्या जागी जेवढी काळजी घेईल तेवढी तू घेतलीस का, एवढंच पाहायचं.

तेव्हापासून कायद्याच्या जगात हा काल्पनिक माणूस वावरतो. तो फार हुशार नाही, फार भित्राही नाही. इंग्रज न्यायाधीशांनी त्याला लंडनच्या बसमध्ये बसवलं, म्हणजे बसने जाणारा कुणीही साधा माणूस मानलं. आपल्या पुरावा कायद्याने त्याला बसमध्ये न बसवता थेट व्याख्येत घातलं. १८७२ च्या पुरावा कायद्यात, आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही, एखादी गोष्ट ‘सिद्ध’ कधी म्हणायची? न्यायालयाला ती खरी वाटली, किंवा विवेकी माणूस त्या परिस्थितीत ती खरी धरूनच चालेल इतकी ती संभवनीय वाटली, तर. म्हणजे न्यायाधीशालाही स्वतःपुरतं पाहून भागत नाही. त्या दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावं लागतं.

फौजदारी खटल्यात ‘वाजवी संशयापलीकडे’ गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे शब्द त्या व्याख्येत नाहीत, ते न्यायालयांच्या निकालांतून आले. इथे सगळा भार ‘वाजवी’वर आहे, ‘संशया’वर नाही. संशय तर कशावरही घेता येतो. साक्षीदाराने शर्ट निळा सांगितला आणि पंचनाम्यात आकाशी लिहिला, एवढ्यावर आरोपी सुटत नाही. पण घटना अमावास्येच्या रात्रीची, दिवा नाही, साक्षीदार पन्नास फुटांवर, आणि तरी तो म्हणतो मी चेहरा ओळखला, तर तिथे विवेकी माणूस अडखळेल. महाराष्ट्रातल्या एका खून खटल्यात १९७३ साली न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी ही रेषा दोन टोकांनी आखली. एकीकडे त्यांनी बजावलं की संशयाचा फायदा देण्याचं तत्त्व इतकं ताणू नका की दोषी माणसं सहज सुटतील, कारण तोही अन्यायच. दुसरीकडे सांगितलं की ‘यानेच केलं असेल’ आणि ‘यानेच केलं असलं पाहिजे’ या दोहोंत मनाला बराच पल्ला गाठावा लागतो, आणि तो गाठल्याशिवाय शिक्षा देता येत नाही.

एका ठिकाणी मात्र ही बाहेरची मोजपट्टी थोडी आत सरकते. स्वसंरक्षणाचा हक्क मृत्यू किंवा जबर दुखापतीची ‘वाजवी भीती’ वाटली तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतही जातो. हे आधी भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. कोयता उगारून कुणी अंगावर येत असताना माणूस हिशेब मांडत बसत नाही. म्हणून न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगतात की हल्ला झेलणाऱ्याने केलेला प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलू नका. त्याच्या जागी, त्या क्षणी उभं राहून पाहा. पण इथेही विशेषण सुटत नाही. हल्लेखोर पळत सुटला, धोका टळला, आणि मग मागे धावून त्याच्या पाठीत वार केला, तर ती भीती नव्हती, तो सूड होता.

सामान्य माणसाचा या शब्दाशी सर्वांत जास्त संबंध येतो तो मुदतीच्या बाबतीत. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ४६ म्हणतं की करारात वेळ ठरवली नसेल आणि दुसऱ्या पक्षाने मागणी करण्याची गरज नसेल, तर ठरलेलं काम वाजवी वेळेत करायचं. कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे: वाजवी वेळ कोणती, हा प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. हे वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण त्याचा अर्थ मोठा आहे. वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणजे पुरावा द्यावा लागणार. सुताराने कपाट चार महिन्यांनी दिलं, तर हे वाजवी की अवाजवी, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. तसल्या कपाटाला एरवी किती दिवस लागतात, लाकूड मिळायला अडचण होती का, मधे तुम्हीच डिझाइन बदललंत का, यावर ते ठरेल. ज्याच्याकडे तारखांसह मेसेज असतील त्याचं म्हणणं टिकेल. तेव्हा करारात तारीख घालता येत असेल तर घालावी. ‘लवकरात लवकर’ आणि ‘वाजवी वेळेत’ हे शब्द काम देणाऱ्याला गोड वाटतात आणि काम घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतात.

कधी कधी न्यायालय या विशेषणाला आकडा जोडतं. फ्लॅटच्या करारात ताब्याची तारीखच नसेल तर खरेदीदाराने किती थांबायचं? मुंबईतल्या एका गृहप्रकल्पाच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अनंतकाळ थांबायला लावता येत नाही, आणि त्या प्रकरणात तीन वर्षं ही वाजवी मुदत धरली. नंतर हा तीन वर्षांचा आकडा ग्राहक आयोगांत आणि रेरापुढे बरेचदा वापरला गेला. त्यात एक धोका आहे. एका प्रकरणातलं ‘वाजवी’ दुसऱ्या प्रकरणात आकडा म्हणून उचललं, की ते विशेषण राहत नाही, नियम होऊन बसतो. चाळीस मजली टॉवर आणि चार मजली इमारत यांना एकच तीन वर्षं लावणं खुद्द कलम ४६ च्या स्पष्टीकरणाला धरून नाही.

मुदतीचं हे तत्त्व सरकारलाही लागू पडतं, आणि जमिनीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या प्रत्येकाने एक निकाल लक्षात ठेवावा असा आहे. गुजरात राज्य विरुद्ध पाटील राघव नाथा, १९६९. कायदा आपल्याच जुन्या मुंबई प्रांताचा, मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९. जिल्हाधिकाऱ्याने जमिनीच्या बिनशेती वापराला परवानगी दिली. साधारण सव्वा वर्षाने विभागीय आयुक्ताने फेरतपासणीचा अधिकार वापरून ती रद्द केली. कायद्यात या अधिकाराला मुदत नव्हती. म्हणजे आयुक्त कधीही जागा होऊ शकत होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुदत लिहिली नसली तरी अधिकार वाजवी वेळेतच वापरायला हवा, आणि या प्रकारच्या परवानगीच्या बाबतीत वाजवी वेळ म्हणजे काही महिने. कारण परवानगी मिळाल्यावर माणूस बांधकामाला लागतो, पैसा घालतो. कायद्यात नसलेला शब्द न्यायालयाने वाचून घातला, असं हे आहे. जुनी फेरफार नोंद किंवा जुना आदेश अनेक वर्षांनी उकरून काढला जातो तेव्हा महसूल न्यायाधिकरणात वकील आजही हाच निकाल पुढे करतात.

पैशाच्या बाबतीत करार अधिनियमाचंच कलम ७४ महत्त्वाचं. करार मोडला तर इतका दंड, असा आकडा करारात घातलेला असतो. लोकांना वाटतं, लिहिलंय म्हणजे द्यावंच लागणार. कलम म्हणतं की लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत जी ‘वाजवी भरपाई’ असेल तेवढीच मिळेल. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने लष्कराला बटाटे पुरवायचं एक आणि कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचं दुसरं कंत्राट घेतलं होतं. अनामत एकूण १८,५०० रुपये. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने कंत्राट रद्द केलं आणि अनामत जप्त केली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, तुमचं नुकसान किती झालं? बटाटे बाजारात दुसरीकडून किती भावाने घ्यावे लागले, हे सिद्ध करणं सरकारला सहज शक्य होतं. ते केलं नाही. म्हणून जप्ती टिकली नाही. नुकसान मोजताच येत नसेल अशा करारांत ठरलेला आकडा वाजवी अंदाज म्हणून मान्य होऊ शकतो, हेही तिथेच सांगितलं. क्लासची फी, हॉलचं बुकिंग, नोकरीचा बाँड अशा ठिकाणी ‘रक्कम परत मिळणार नाही’ अशी ओळ दिसते तेव्हा हे बटाटे आठवायला हरकत नाही.

भाडेकरूला बाहेर काढण्याच्या दाव्यांत हाच शब्द क्रियाविशेषण होऊन येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाला स्वतःसाठी जागा ‘वाजवीपणे आणि प्रामाणिकपणे’ लागत असेल तर ताबा मागता येतो. गरज आणि इच्छा यांच्यात न्यायालयं फरक करतात. ‘मला वाटतंय म्हणून’ ही इच्छा. मुलाचं लग्न झालंय आणि दोन खोल्यांत सातजण राहतात, ही गरज. पण म्हणून मालकाने रस्त्यावर येईपर्यंत थांबायचं असंही नाही. त्याने कुठे राहावं, व्यवसाय कुठे करावा हे भाडेकरू शिकवू शकत नाही. आणि गरज सिद्ध झाली तरी कोर्ट पुढे पाहतं की हुकूमनामा दिला तर कुणाचे हाल जास्त होतील, आणि दोघांपैकी कुणाला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे का. एका कलमात मालकाची गरजही वाजवी असावी लागते आणि भाडेकरूची पर्यायी जागाही. पागडीच्या जुन्या इमारतींचे खटले पिढ्यान्‌पिढ्या का चालतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

आता राज्यघटनेकडे, कारण या शब्दाचं खरं सामर्थ्य तिथे दिसतं. अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्यं, म्हणजे बोलण्याचं, जमण्याचं, संघटनेचं, फिरण्याचं, धंद्याचं, यांवर राज्य निर्बंध घालू शकतं. घटनेच्या मसुद्यात आधी नुसता ‘निर्बंध’ होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी त्यामागे ‘वाजवी’ घालण्याची सुधारणा मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली. हे विशेषण नसतं तर न्यायालयाला एवढंच पाहता आलं असतं की निर्बंध सांगितलेल्या कारणासाठी आहे ना. ते आलं आणि निर्बंध कितपत योग्य आहे हे तपासण्याचा अधिकार विधिमंडळाकडून न्यायालयाकडे सरकला.

गंमत अशी की भाषणस्वातंत्र्याच्या उपखंडात हा शब्द सुरुवातीला नव्हताच. तिथे निर्बंधांची कारणं मोजकी होती. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने प्रवेशबंदी घातली, रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये जिंकले. सरकार अस्वस्थ झालं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे नवी कारणं त्या उपखंडात घातली, आणि त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ हा शब्दही आत आला. एका हाताने स्वातंत्र्याची कक्षा आवळली आणि दुसऱ्या हाताने न्यायालयाच्या हाती मोजपट्टी दिली. आज भाषणस्वातंत्र्याचे जे खटले नागरिक जिंकतात, त्यांतले बरेचसे या दुसऱ्या हातामुळे.

ही मोजपट्टी सुरुवातीच्याच काळात लागली ती विड्यांना. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये कायदा केला होता की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायच्या नाहीत, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. सागर जिल्ह्यात १९५० मध्ये तसा हुकूम निघाला. चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेतूला नाव ठेवलं नाही. पण न्या. महाजन यांनी विचारलं: जी म्हातारी माणसं, लहान मुलं, अपंग माणसं शेतात राबूच शकत नाहीत, त्यांना विडी वळण्यापासून रोखून शेतीला कोणता मजूर मिळणार? शेतावर काम नसेल त्या वेळात बायका घरी विड्या वळून चार पैसे मिळवतात, ते कशासाठी बंद? हेतूला लागेल त्याहून जास्त कापलं, म्हणून कायदा पडला. वाजवी म्हणजे विचारपूर्वक, बुद्धीला पटेल असा मार्ग निवडणं, असं तिथे म्हटलं गेलं.

दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, व्ही. जी. रो खटल्यात सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी कसोटी आणखी उलगडली. कोणत्या हक्कावर घाव आहे, निर्बंधाचा हेतू काय, कोणती अनिष्ट गोष्ट रोखायची आहे आणि ती किती तातडीची, निर्बंध त्या मानाने जास्त आहे का, त्या वेळची परिस्थिती कशी, हे सगळं पाहायचं. सर्व प्रकरणांना लागू पडेल असा एकच साचा नाही. मला या निकालात सर्वांत आवडतो तो यापुढचा प्रामाणिकपणा. हे ठरवताना न्यायाधीशाची स्वतःची सामाजिक दृष्टी आणि मूल्यं यांचा वाटा असणारच, असं त्यांनी उघड लिहिलं, आणि म्हणून संयम हवा, असंही. अलीकडच्या निकालांत याच विचाराला ‘प्रमाणबद्धता’ म्हणतात आणि पायऱ्या पाडून तपासतात, पण मूळ गाभा विड्यांचाच आहे.

कायद्याची एकेक अट सुटी करून ‘वाजवी’ची चाळणी कशी लावतात ते मुंबईच्या डान्स बारच्या प्रकरणात दिसतं. राज्य सरकारची २००५ ची बंदी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०१६ मध्ये राज्याने नवा कायदा आणि नियम केले. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने सगळं मोडीत काढलं नाही आणि सगळं मान्यही केलं नाही. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ ठीक. नोटा उधळायला बंदी ठीक, टीप मात्र देता येईल. बारच्या खोलीत सीसीटीव्ही सक्तीचे, हे नाही चालणार, तो खासगीपणावर घाला. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटरची अट रद्द, कारण मुंबईत एक किलोमीटरच्या आत एकही शाळा किंवा देऊळ नाही अशी जागा शोधून दाखवा! नाव निर्बंधाचं, परिणाम बंदीचा, असा तो प्रकार होता.

अनुच्छेद २१ मध्ये ‘वाजवी’ हा शब्द नाही, पण जीवित हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असं न्यायालयांनी त्यात वाचलं आहे. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवण्याची मोहीम निघाली. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ च्या जुलैमध्ये लागला. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पण सूचना न देता हटवण्याची मुभा कायद्यात असली तरी एरवी सूचना द्यावी, असं म्हटलं, आणि पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कुणाला हलवू नये असं सांगितलं. सरन्यायाधीश होते य. वि. चंद्रचूड. तत्त्व कितीही मोठं असो, ‘वाजवी’ अखेर कॅलेंडरवर आणि आभाळाकडे पाहूनच ठरलं.

या शब्दाची एक नवी शाखा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आहे. दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून आवश्यक आणि योग्य ते बदल करून द्यायचे, त्याला तिथे वाजवी सोय म्हटलं आहे. व्याख्येतच मर्यादाही आहे: समोरच्यावर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी बोजा पडता कामा नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणाऱ्या एका उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याने लेखनिक मागितला, नियमांत बसत नाही म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाला की असं सगळ्यांना दिलं तर गैरफायदा घेतला जाईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की वाजवी सोय मिळायला चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्रच हवं असं नाही. माणसाची अडचण काय आणि ती दूर करायला काय लागेल हे एकेकाचं पाहायचं, आणि गैरफायद्याची भीती ही सरसकट नकाराची सबब होऊ शकत नाही. केंद्र सरकारने याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करावीत, असा आदेश झाला. त्यासाठी न्यायालयाने ‘वाजवी मुदत’ दिली नाही, तीन महिने दिले. तत्त्वं आली ऑगस्ट २०२२ मध्ये.